शनिवारचा ण

"आज पुन्हा पाणी. तीन शनिवार झाले, घोटभर घशाखाली उतरलेलं नाही."

पीटर पडद्याच्या पलीकडे कुरकुरत होता. पलीकडे म्हणजे वीतभर अंतरावर. पापडीच्या चर्चच्या हॉलमधला तो मरून रंगाचा पडदा इतका विरला होता, की त्याच्याआड बसलेली शांता सुईत दोरा ओवायची ती पलीकडच्या ट्यूबलाइटच्या उजेडात. तिच्या मांडीवर राजाचा अंगरखा होता. बाही खांद्यापाशी उसवली होती, कारण मागच्या प्रयोगात राजाने मरताना गरजेपेक्षा जास्त हात वर केले होते. राजा म्हणजे तिचा नवरा.

"हळू बोल. वहिनी आत आहेत," थेरेसा म्हणाली.

"असू देत. त्यांना तर घरी रोज तेच पाणी आहे."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हॉलच्या पायऱ्यांवर श्रीपत सरांच्या चपला वाजल्या होत्या.

श्रीपत शाळेत चित्रकला शिकवायचा. सोमवार ते शुक्रवार त्याच्या शर्टाच्या खिशापाशी कुठल्या तरी रंगाचा डाग असे. शनिवारी संध्याकाळी मात्र तो पांढरा सदरा घालून यायचा, कारण शनिवारी तो नाटककार असायचा आणि नाट्यवर्ग चालवायचा. आल्या आल्या त्याने फळ्यावर मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'पाणी'. अक्षर सुरेखच होतं. चित्रकलेच्या मास्तराचं अक्षर ते.

"म्हना," तो म्हणाला. "पानी."

"पाणी," पंधरा पोरं म्हणाली.

"नाही. पुन्हा तेच. तुम्ही म्हनता पानी. म्हनायचं आहे, पानी." त्याने डोळे मिटले, भुवया एकमेकींना चिकटवल्या, मान किंचित मागे टाकली. "पाऽन्नी. ऐकलात फरक?"

पोरांनी फरक ऐकला असं सांगितलं. दुसरं काय सांगणार?

हे असं बारा वर्षं चाललं होतं. श्रीपतला ण येत नव्हता. तो जूचंद्राकडच्या मिठागरातल्या माणसाचा मुलगा. त्या बाजूला सगळेच पानी पितात आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही. अडलं ते एकट्या श्रीपतचं. कारण ण येत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. आपली जीभ टाळूकडे वळते अशी त्याची खात्री होती. वळायच्या त्या भुवया. जीभ होती तिथेच दातांच्या मागे बसून जरा जोराने न म्हणायची, आणि तो जोर त्याच्या कानाला ण वाटायचा.

शांताही त्याच गावची, त्याच पाण्यावर वाढलेली. पहिलं वर्षभर तिलाही काही कळलं नव्हतं. ती वर्गाला यायची ती कपडे शिवायला, उसवलेलं सांधायला, मिशा डकवायच्या गोंदाची बाटली सांभाळायला. त्यांना मूल नव्हतं, आणि शनिवारची संध्याकाळ घरात एकटीने काढण्यापेक्षा पंधरा पोरांच्या पाठीशी काढलेली बरी. फळ्यावरचे शब्द पोरं मोठ्याने वाचायची, शांता पडद्याच्या फटीतून अक्षरं बघायची, आणि तशी बघता बघताच ती वाचायला शिकली. मग दुसऱ्या वर्षी एका शनिवारी, भातात खडा लागावा तसं तिच्या कानाला काहीतरी लागलं. पोरं एक बोलत होती, नवरा दुसरं बोलत होता, आणि चुकताय म्हणून तो पोरांना सांगत होता. तिने सुई खाली ठेवली. नीट ऐकलं. पुढच्या शनिवारी ऐकलं, त्याच्या पुढच्याही. मग पुन्हा सुई उचलली आणि शिवायला लागली. तेव्हापासून ती शिवतच होती.

लग्नाच्या नव्या दिवसांत त्याने तिला एक गोष्ट सांगितली होती. तो बारा वर्षांचा असताना त्याचे मास्तर रोज शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घ्यायचे आणि जिभेखाली मिठाचा खडा ठेवून ण म्हणायला लावायचे. खडा विरघळेपर्यंत म्हणायचं. असे तीन महिने गेले. एक दिवस मास्तर म्हणाले, "जमलं, जा घरी." श्रीपत बांधावरून धावत घरी गेला होता. "मी आगरातून बाहेर पडलो तो त्या एका अक्षरावर बसून," असं तो म्हणायचा आणि डोळे पुसायचा. शांताला तेव्हा ती गोष्ट फार आवडली होती. आता ती आठवली की तिच्या डोळ्यांसमोर ते मास्तर यायचे, तीन महिने घरी उशिरा जाऊन कंटाळलेले, पोराच्या सुजलेल्या जिभेकडे बघून गलबललेले. दयाळू माणूस असणार. त्याने एक शब्द दयेने टाकला आणि हिच्या नवऱ्याने त्यावर अख्खा जन्म बांधला.

बारा वर्षांत श्रीपतने सहा नाटकं लिहिली. जिंकलेला मुलूख मिरवावा तसा तो नावातच ण घालायचा. 'पाषाणप्राण', 'अंगणी रण', अशी नावं. ही नाटकं पापडीला चर्चच्या सणाच्या वेळी व्हायची, एकदोन आगाशीच्या बाजारपेठेतही झाली. गावाने त्याला नाही म्हटलं असं कधी झालं नाही. केळीच्या वाड्यांमधून माणसं यायची, बाया ठेवणीतली लुगडी नेसून पुढच्या बाकांवर बसायच्या. पण श्रीपत स्वतः रंगमंचावर आला की एक चमत्कारिक गोष्ट घडायची. "माझे प्रान या चरनांवर अर्पन" असं तो म्हणाला की हॉल खोकायचा. एकजण नव्हे, सगळा हॉल. वसईची माणसं भली. तोंडावर हसणं त्यांना जमत नाही, म्हणून ती रुमालात खोकायची. जिथे ण तिथे खोकला. श्रीपत घरी येऊन म्हणायचा, "या पापडीच्या लोकांना सर्दी फार. वाड्यांना सारखं पानी सोडतात, दमट हवा. दुसरं कारन नाही." एका वर्षी तर त्याने मध्यंतरात सगळ्यांना सुंठेचा काढा द्यायचं ठरवलं होतं. शांताने दोन पातेली काढा केला आणि लोकांनी तो मुकाट्याने प्यायला. दुसऱ्या अंकात पुन्हा खोकले.

मुंबईच्या स्पर्धांत त्याने तीनदा नाटक पाठवलं. तीनदा पहिल्या फेरीत बाद. पहिल्या वेळी त्याने नेपथ्याला दोष दिला, दुसऱ्या वेळी प्रकाशयोजनेला, तिसऱ्या वेळी आठ दिवस जेवताना पुस्तक उघडून बसला. विद्यार्थी मात्र येत राहिले. माणूस जीव लावणारा होता. पोराला भूमिका मिळाली की त्याच्या घरी जाऊन आईबापांना समजवायचा, मुलीला रात्री तालमीहून स्वतः पोचवायचा, कोणाचा आवाज बसला तर शांताकडून ज्येष्ठमधाची काडी घेऊन जायचा. म्हणून पोरं त्याचं पाणी गोड मानून घ्यायची. थेरेसा त्याची पहिली विद्यार्थिनी. आता ती स्वतः शाळेत बाई झाली होती, तरी शनिवार चुकवत नसे. पीटर बँकेत कारकून. तो सरांची नक्कल इतकी हुबेहूब करायचा की एकदा चुकून त्यांच्यासमोरच झाली. श्रीपत म्हणाला, "शाब्बास पीटर. आता आला तुला उच्चार." त्या दिवसानंतर पीटरने नक्कल सोडली.

त्र्याऐंशी साली, सणाच्या दोन महिने आधी, पेपरात जाहिरात आली. मुंबईतल्या एका नाट्यशिक्षण संस्थेला वाचिक अभिनय शिकवायला माणूस हवा होता. वय पंचेचाळीसच्या आत. स्वतःचं लेखन असल्यास प्राधान्य. निवड समितीसमोर स्वतःच्या नाटकातला एक प्रवेश वाचून दाखवायचा. श्रीपतला पंचेचाळीस पुरी व्हायला चार महिने होते.

त्याने जाहिरात कापून फळ्याच्या चौकटीला डकवली. "ही शेवटची गाडी," तो पोरांना म्हणाला. "तिथे गेलो की नाटक बघनारी मानसं भेटतील. आपलं 'आगरातलं पानी' मोठ्या रंगमंचावर जाईल. आनि मी गेलो की तुमच्यातला एकेक जन तिकडे येनार."

'आगरातलं पाणी' हे त्याचं नवं नाटक, सहावं. मिठागर सोडून शिकायला जाणारा मुलगा आणि मागे राहणारा बाप, एवढीच गोष्ट. शांताने ते वहीतून चोरून वाचलं होतं आणि तिला पहिल्यांदाच वाटलं होतं, की हे खरं आहे. आधीची पाच नाटकं तिला नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यासारखी वाटायची, इस्त्रीची. हे तसं नव्हतं. यात बाप बोलायचा तो सासऱ्यांसारखा.

जाहिरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी थेरेसा आणि पीटर शांताकडे आले. श्रीपत शाळेत होता. शांताने चहा टाकला. दोघांपैकी कोणी कपाला हात लावीना.

"वहिनी," पीटर म्हणाला, "वाचिक अभिनय म्हणजे उच्चार शिकवायचे. ती मुंबईची माणसं. ती खोकणार नाहीत."

"मला कशाला सांगतोस?" शांता म्हणाली. "मी काय केलं?"

"कोणीतरी सांगायला हवं ना त्यांना आधी."

"मग सांग तू."

"मी? मी नक्कल करायचो वहिनी. माझ्या तोंडून ते टिंगल वाटेल. थेरेसाने सांगावं, ती लाडकी आहे."

थेरेसा किती वेळ कपाच्या कानाशी बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "मी सांगितलं तर ते एका अक्षरापुरतं राहणार नाही, वहिनी. आम्ही वाडीवाले, बागांचे धनी. आम्ही मिठागरातल्या माणसाला म्हणायचं की तुम्ही अजून जूचंद्राचेच? माझी जीभ नाही रेटणार." तिने कप बाजूला सारला. "तुम्ही घरच्या आहात."

"घरची आहे म्हनूनच," शांता म्हणाली. "घरात तरी त्यांना कोनी मास्तर नको."

शेवटी पीटरनेच युक्ती काढली. त्याच्या मावसभावाने कुवेतहून टेपरेकॉर्डर आणला होता. सरांचा आवाज त्यात भरायचा आणि त्यांनाच ऐकवायचा. कोणी काही बोलायची गरजच नाही. यंत्र बोलेल, यंत्राला कोण काय म्हणणार? तिघांनाही एकदम हायसं वाटलं. चहाही तेव्हाच प्यायला गेला.

पुढच्या शनिवारी टेपरेकॉर्डर टेबलावर आला. श्रीपतने सदऱ्याची कॉलर नीट केली आणि 'आगरातलं पाणी'चा शेवटचा प्रवेश वाचला. वाचला चांगला. खरं सांगायचं तर फार चांगला वाचला; शांताने पडद्याआड पदर डोळ्यांना लावला. मग पीटरने फीत मागे घेतली आणि बटण दाबलं. हॉलमध्ये श्रीपतचा आवाज पुन्हा सुरू झाला, जरा नाकातला, जरा लांबचा, आणि प्रत्येक न पावसात उघड्यावर राहिलेल्या भांड्यासारखा स्वच्छ, टणटणीत वाजणारा. पोरांनी माना खाली घातल्या. कोणी नखं बघू लागलं, कोणी छतावरचं जळमट.

फीत संपली. श्रीपत डोळे मिटून उभा होता.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

पीटरने पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा संपली तेव्हा श्रीपतने डोळे उघडले. ते ओले होते.

"ऐकलंत?" तो वर्गाला म्हणाला. "मी सांगून सांगून थकलो होतो, आता यंत्राकडून ऐका. याला म्हनतात उच्चार. पीटर, तुझे उपकार झाले. माझी थोडी धाकधूक होती ती गेली."

पडद्याआड शांताने सुई बोटात घुसवून घेतली. रक्ताचा थेंब राजाच्या बाहीवर पडला. अंगरखा लाल होता म्हणून दिसला नाही.

मुलाखतीच्या दिवशी तो पहाटेच गेला आणि दिवेलागणीला परत आला. शांताने भाकरी थापायला घेतली होती. तो हातपाय न धुता चुलीपाशीच येऊन बसला. मुलाखत चांगली झाली असती तर त्याने आधी थेरेसाच्या घरी वर्दी दिली असती. शांताला न विचारताच कळलं.

"तिघं होते," तो म्हणाला. "दोन पुरुष, एक बाई. अर्धा प्रवेश वाचून झाला तेव्हा बाईने थांबवलं. चांगल्या बोलल्या हो. म्हनाल्या, नाटक जिवंत आहे. मग म्हनाल्या, बोलीचा बाज तुम्ही मुद्दाम ठेवलाय का?"

"मग?"

"मी म्हनालो, कोनती बोली? त्या एकमेकांकडे बघायला लागल्या. म्हनजे ते तिघं. मी म्हनालो, बाई, मी मिठागराची गोष्ट लिहितो, पन प्रमान मराठीत लिहितो, यात बोली कुठे आहे? तेव्हा त्यातला एक म्हातारा म्हनाला, ठीक आहे, ठीक आहे, पुढे वाचायची गरज नाही. चहा पाजला. बिस्किटं दिली." तो चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत राहिला. "कोनती बोली, शांता?"

शांताने भाकरी उलटली. तव्याला हात लागला, तरी तिने तो पटकन उचलला नाही.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. दोन ओळींचं, सभ्य. श्रीपतने ते फळ्याच्या चौकटीला डकवलं नाही, वहीत ठेवलं, आणि त्याच वहीतल्या नाटकाला लाल पेन्सिल लावायला सुरुवात केली.

कारण त्याला उत्तर सापडलं होतं. दोष लिखाणात होता. आपल्या नकळत लिखाणात बोली शिरली होती. बाईंना ती दिसली आणि आपल्याला दिसली नाही. शाळेतून आला की तो खिडकीशी बसायचा आणि एकेक ओळ तपासायचा. जो शब्द आगरातला वाटेल तो खोडायचा आणि वर शुद्ध शब्द लिहायचा. बापाची 'पाटी' गेली, 'टोपली' आली, तीही घरगुती वाटली म्हणून 'करंडक' आला. मीठ गोळा करायचं फळीचं अवजार होतं त्याचं नाव गेलं, कारण त्याला शुद्ध नावच नव्हतं. त्याच्याबरोबर तो प्रवेशही गेला. माणसं 'जेवायची' थांबून 'भोजन' करू लागली. शनिवारचा वर्ग त्याने दोनदा रद्द केला. तिसऱ्यांदा पोरं आली तेव्हा तो म्हणाला, "ज्याचं स्वतःचं लेखन अशुद्ध आहे त्याने काय शिकवावं? घरी जा." पीटर काहीतरी बोलायला गेला आणि त्याने चपलेचा पट्टाच दोनदा ओढला. थेरेसाने खुर्च्या भिंतीला लावल्या. सगळी गेली.

सणाला नाटक झालं नाही. हॉलमध्ये हाऊजीचा आकड्यांचा खेळ ठेवला. लोक म्हणाले, यंदा बरी मजा आली.

शांता एका दुपारी थेरेसाच्या शाळेत गेली. मधल्या सुट्टीची वेळ होती. थेरेसा तिला बाजूच्या वाडीत घेऊन गेली, केळींच्या सावलीत.

"ते नाटक मारतायत," शांता म्हणाली. "रोज थोडं थोडं. दोन अंक संपले. आता तिसरा घेतलाय."

"वहिनी, त्यांनी पुन्हा प्रयत्न..."

"कुठे? वय संपलं. पुढच्या महिन्यात पंचेचाळीस. ते राहू दे. मला ते नोकरीचं नाय सांगायचं. त्यांना वाटतं त्यांना लिहिता येत नाय."

थेरेसाने एकवार शाळेकडे वळून पाहिलं.

"तू तर शिकलेली. सांग मला. लिहिता येत नाय असं वाटून जगलेलं बरं, का बोलता येत नाय असं कळून?"

थेरेसाच्या पायाशी केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट पडलं होतं. तिने ते उचललं, त्याचे दोर सोलत बसली. "दोन्ही गेलं तर?" ती म्हणाली. "तुम्ही एक वाचवायला जाल आणि दोन्ही जातील. बारा वर्षं ते आम्हाला काय शिकवत होते, हे त्यांना एकदम कळेल, वहिनी. एकूणएक शनिवार. आणि आम्ही मान डोलवत होतो."

"हां," शांता म्हणाली. "ते बी कळेल."

"नका सांगू."

घंटा झाली. थेरेसा सोललेले दोर हातातच घेऊन वर्गाकडे गेली. शांता वाडीच्या कुंपणाशी उभी राहिली. तिला वाटलं होतं, कोणीतरी शिकलेल्या माणसाने सांग म्हटलं की अंगात बळ येईल. कोणीही म्हणणार नव्हतं. सगळ्यांनी श्रीपतवर एवढं प्रेम केलं होतं की त्याला वाचवायला कोणी उरलंच नव्हतं.

दिवस कलताना विहिरीवरून पाणी घेऊन ती घरी आली तेव्हा तो खिडकीशी होता. वही मांडीवर, लाल पेन्सिल कानावर. वहीची पानं जवळजवळ संपत आली होती. शांताने घागर खाली ठेवली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तो शेवटच्या प्रवेशावर होता. मुलगा बांधावरून निघालाय, बाप मिठाच्या ढिगाशी उभा आहे. बापाचं एकच वाक्य होतं तिथे. 'जा. मागं बघू नको, डोल्यात मीठ जातं.' तिच्या सासऱ्यांनी हे खरंच म्हटलं होतं. त्या दिवशी आठ-नऊ वर्षांची शांताही कोणाला तरी भाकर द्यायला बांधावर गेली होती आणि तिने ते ऐकलं होतं. म्हातारा हे बोलून लगेच कामाला लागला होता, जसं काही त्याने पाटी उचल म्हणून सांगितलं.

श्रीपतने पेन्सिल कानावरून काढली. वाक्यावर आडवी रेघ ओढली, पट्टी न घेता सरळ. वर लिहिलं, 'प्रस्थान कर. पश्चात अवलोकन करू नकोस, लवणकण नेत्रांत जातात.' मग जरा मागे झुकून त्याने ते अर्धवट आवाजात वाचून पाहिलं.

"लवनकन नेत्रांत जातात," तो म्हणाला. "आता आलं प्रमान."

शांता त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"हे पुसा," ती म्हणाली.

"का?"

"आधीचं चांगलं होतं."

"ते बोलीतलं होतं, शांता. त्या बाईंना तेच खटकलं."

"बाईंना लिहिलेलं दिसलं कुठे? वही तुमच्या हातात होती. त्यांनी ऐकलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. चित्रकलेचा माणूस, एखाद्या वस्तूची सावली चुकीच्या बाजूला पडलीय हे त्याला पटकन दिसायचं. "म्हनजे?" तो म्हणाला.

शांताने तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं, की जे सांगायचं त्याचं नाव तिला घेताच येणार नाही. तिच्या जिभेवरही ते अक्षर नव्हतं. तिने वही आपल्याकडे फिरवली. लाल अक्षरात एक शब्द होता, लवणकण, त्यात ते दोनदा होतं. तिने पहिल्यावर बोट ठेवलं.

"हे," ती म्हणाली.

"ते काय?"

"हे तुमच्या तोंडून येत नाय. कधीच आलं नाय. लिहिता तुमी बरोबर, बोलता तवा न येतो. पानी बोलता. प्रान बोलता. लोकांना सर्दी नव्हती." तिने बोट अक्षरावरून उचललं नाही. "पोरांना पहिल्या दिवसापासून बरोबर येत होतं. तुमी त्यांना चूक शिकवत होता आनि ती तुमच्यासाठी हो म्हनत होती. सगळ्यांना ठाऊक आहे. थेरेसाला, पीटरला, आख्ख्या पापडीला. लिहिन्यात काय चूक नाय तुमच्या. मला बी हे बोलता येत नाय. पन मला ऐकू येतं. तुमाला ऐकूच येत नाय."